मुदत ठेव मोडून बियाण्याला औषध घ्यावं का?

पेडण्याहून एका वाचकाने विचारलंय: भात कापल्यावर दोन एकरांत वायंगणी (रब्बीतले) अळसांदे, म्हणजे गोव्याकडची चवळी, पेरतो. गेल्या साली ओल लवकर उडाली, निम्मं बी उगवलंच नाही. बी 180 रुपये किलोने मिळतं. आता विक्रेता 'अँटिऑक्सिडंट बीजप्रक्रिया' 14,000 रुपयांत देतोय. मार्चमध्ये पुरी होणारी मुदत ठेव मोडू का?

मोडू नका. मात्र विक्रेता निव्वळ थापा मारतोय असंही नाही. ओल कमी पडली की अंकुरत्या बियात ऑक्सिजनचे घातक रेणू साठतात आणि पेशींना इजा करतात. त्यांना आवरतं ते अँटिऑक्सिडंट. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे आपलं क जीवनसत्त्व, हे त्यातलंच एक. त्याच्या पातळ द्रावणात बी भिजवून सावलीत सुकवलं तर ते हा मारा जास्त सोसतं. उगवणही लवकर आणि एकसारखी होते. प्रयोगशाळेत हे बऱ्याच पिकांत दिसलंय. शेतात फरक कधी चांगला, कधी नावापुरता. या फायद्यातला मोठा वाटा नुसत्या पाण्यात भिजवूनही मिळतो, हे विक्रेता सांगणार नाही.

आता हिशेब. दोन एकरांना 16 किलो बी धरा: 2,880 रुपये. म्हणजे औषध बियाण्याच्या जवळजवळ पाचपट! निम्मं बी वाया जाईल म्हणून दुप्पट पेरलंत तरी जादा खर्च 2,880च. आणि द्रावणात असतं काय? लिटरला 100 मिलिग्रॅम. 32 लिटर पाण्याला तीन ग्रॅमच्या आसपास पूड, चहाचा लहान चमचाभरही नाही. तिच्यासाठी ठेव मोडून वर अर्धा-एक टक्का व्याज सोडायचं? मला पटत नाही.

आधी घरी पाहा. शंभर दाणे साधे, शंभर पाण्यात भिजवलेले, शंभर द्रावणातले, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि पाचव्या दिवशी मोजा. साध्यातलेच सत्तर आले तर दोष ओलीचा. तीसच आले तर बीच जुनं, मग कसलंही औषध व्यर्थ. द्रावणाला क जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्या वापरू नका, त्यांत साखर असते. तांब्याचं भांडं नको, त्यात क जीवनसत्त्व लवकर नासतं. अळसांद्याला चार-पाच तास पुरे. रात्रभर ठेवलंत तर साल फुटते.

फरक दिसला तरी तो उगवणीपुरता. फुलोऱ्यात ओल गेली तर भिजवलेलं बी काय करणार? पैसा लागेल तो तिथल्या एका पाण्याला. त्यासाठी किसान क्रेडिट कार्ड काढा: वेळेत फेडलं तर व्याज 4 टक्के पडतं, ठेवही शाबूत राहते.

एक राहिलं. दुकानातलं गुलाबी पूड लावलेलं बी भिजवू नका, ते बुरशीनाशक धुऊन जातं.