दीर्घिकेचा किरीट की प्रभामंडळ?

प्रश्न असा: सक्रिय दीर्घिकांचे (ज्यांचं केंद्र तिथल्या कृष्णविवराकडे ओढल्या जाणाऱ्या वायूमुळे प्रखर तळपतं अशांचे) क्ष-किरण ‘करोना’तून येतात असं वाचलं. खग्रास ग्रहणात सूर्याभोवती दिसतो तोच हा करोना का? आणि मराठीत त्याला प्रभामंडळ म्हणावं की किरीट?

मी किरीट म्हणेन. सूर्यापुरतं ‘प्रभामंडळ’ चालून जातं, पण ‘दीर्घिकेचं प्रभामंडळ’ म्हटलं की अख्ख्या दीर्घिकेला वेढणारं, लाखो प्रकाशवर्षं पसरलेलं वलय डोळ्यांपुढे येतं. हा करोना तर केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराला अगदी लगटून असतो. अनेक सक्रिय दीर्घिकांचं क्ष-किरणांतलं तेज काही तासांतच बदलतं. उगमाची जागा प्रकाशाला तेवढ्या वेळात ओलांडता येण्याइतकीच लहान असल्याशिवाय हे होणार नाही.

कृष्णविवराकडे ओढला गेलेला वायू त्याच्याभोवती तबकडीच्या रूपात फिरतो आणि तापतो. मात्र या महाकाय कृष्णविवरांच्या तबकडीचं तापमान साधारण लाखभर केल्विनच्या घरात असतं. त्यातून मुख्यतः अतिनील प्रकाश निघतो. क्ष-किरणांना एवढी उष्णता पुरत नाही, म्हणून किरीट लागतो. त्यातले इलेक्ट्रॉन सुमारे १०० कोटी केल्विनला पोचलेले असतात. तबकडीतून निघालेला १० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा (हे ऊर्जेचं एकक) एखादा फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, त्यांच्यात शिरला, की दर टकरीला सरासरीने थोडी ऊर्जा कमावतो आणि हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्टचा क्ष-किरण होऊन बाहेर पडतो. भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टनने १९२३ मध्ये मांडलेल्या परिणामात क्ष-किरण इलेक्ट्रॉनला ऊर्जा देतो. इथे देवाणघेवाण उलटी, म्हणून हे ‘व्यस्त कॉम्प्टन प्रकीर्णन’.

सूर्याशी साम्य आहेच. त्याचा पृष्ठभाग ५,८०० केल्विनचा, तर किरीट दहा-वीस लाखांचा. खालच्या थरापेक्षा वरचा विरळ थर कितीतरी तप्त, आणि दोन्हीकडे चुंबकीय क्षेत्रच तो तापवत असावं असं मानलं जातं. फरक क्ष-किरणांच्या उगमात आहे. सूर्याचा किरीट स्वतःच्या उष्णतेने क्ष-किरण सोडतो, दीर्घिकेचा किरीट तबकडीच्या प्रकाशालाच क्ष-किरणांचं बळ देतो. त्यातले काही किरण उलटे तबकडीवर पडून लोहाच्या अणूंना उद्दीपित करतात. मग ६.४ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टची वर्णरेषा, म्हणजे त्या ठराविक ऊर्जेवरची तेजस्वी रेषा, उमटते. एमसीजी-६-३०-१५ या दीर्घिकेत ती कमी ऊर्जेकडे लांबवर ताणलेली आढळली. इतका ताण कृष्णविवराजवळच्या प्रबळ गुरुत्वाकर्षणामुळे पडतो असं मानलं जातं. मला तरी या सगळ्या विषयातला हा सर्वांत देखणा पुरावा वाटतो.

किरीट हा शब्द सरसकट मात्र लावू नये. ब्लेझार या प्रकारच्या सक्रिय दीर्घिकांमध्ये केंद्रातून निघणारा पदार्थाचा झोत जवळजवळ थेट आपल्याकडे रोखलेला असतो. तिथले क्ष-किरण बहुतांशी त्या झोतातूनच येतात, त्यामुळे तिथे ‘झोत’च लिहावं.