कुशिंग सिंड्रोम म्हणजे नेमकं काय? वजन वाढलं की तोच असतो का?

नाही, नुसतं वजन वाढणं म्हणजे कुशिंग नव्हे. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन बनवतात. ते दीर्घकाळ जास्त राहिलं की हा आजार होतो. अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी 1912 मध्ये त्याचं वर्णन केलं.

खरी ओळख वजनाच्या काट्यावर नाही, शरीराच्या ठेवणीत आहे. चेहरा गोल, लालसर होतो, मानेमागे चरबी साठते, पोट सुटतं, पण हातपाय बारीकच राहतात. पोटावर, मांड्यांवर सेंटीमीटरभर रुंद जांभळट पट्टे दिसतात. जरा लागलं की काळंनिळं पडतं. आणि जे पेशंट सांगायचं विसरतात ते हे: हाताचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नाही. सोबत बीपी, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

सर्वांत मोठं कारण म्हणजे स्टिरॉइड औषधं, ती शरीरात कॉर्टिसॉलसारखंच काम करतात. गोळ्याच नव्हेत, सांध्यातली इंजेक्शनं आणि वर्षानुवर्षं लावलेली मलमंसुद्धा! बाकीच्यांत बहुधा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत छोटी गाठ असते, तर काहींत अधिवृक्क ग्रंथीत.

सकाळच्या एका कॉर्टिसॉल रिपोर्टवर निदान होत नाही. 24 तासांची लघवी, रात्री उशिराची लाळ, किंवा रात्री 1 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन (एक स्टिरॉइड गोळी) घेऊन सकाळी रक्त, अशा तपासण्या लागतात. गाठ असेल तर बहुतेकदा ऑपरेशन करतात.

स्टिरॉइड घेत असाल तर हे वाचून गोळ्या एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकतं. डोस डॉक्टरांकडूनच हळूहळू कमी करून घ्या.