‘रश’, ‘डॅश’, ‘बोल्ट’, ‘स्करी’: घाईच्या इंग्रजी क्रियापदांत फरक कसा ओळखावा?

आपण विचारले आहे की हरी, रश, डॅश, बोल्ट, स्करी, स्कटल, हर्टल या सगळ्या शब्दांपुढे शब्दकोशात ‘घाईने जाणे’ एवढेच लिहिलेले असते, मग कोणता शब्द केव्हा वापरावा, आणि ‘बस चुकू नये म्हणून मी स्थानकाकडे...’ या परीक्षेतल्या वाक्यातील गाळलेल्या जागी काय भरावे. बेळगाव परिसरातील मराठी माध्यमाच्या मुलांना मी बरीच वर्षे इंग्रजी शिकवत आलो आहे, त्यामुळे हा घोळ माझ्या रोजच्या ओळखीचा आहे.

मराठीत चालण्या-पळण्याची तऱ्हा आपण बहुधा क्रियापदाबाहेर ठेवतो. ‘तो लगबगीने आत शिरला’ या वाक्यात क्रियापद दिशा सांगते आणि घाईचे काम ‘लगबगीने’ हा शब्द करतो. आपल्या शेजारची कन्नडही याच वळणाची आहे. ‘बेग बा’ म्हणताना घाई ‘बेग’मध्ये असते आणि ‘बा’ म्हणजे साधे ‘ये’. इंग्रजी मात्र तऱ्हा क्रियापदातच भरते आणि दिशा इन, आउट, ऑफ अशा चिमुकल्या शब्दांवर सोपवते. भाषाभाषांमधील हा भेद लिओनार्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञाने तपशिलाने मांडला आहे. म्हणून इंग्रजी शब्द निवडताना वेग किती आहे हे पाहून फारसे साधत नाही. कोण हलत आहे, कशामुळे हलत आहे आणि त्याचे शरीर कसे हलत आहे, हे पाहावे लागते.

‘रश’पासून सुरुवात करू, कारण हा शब्द आपण आधीच मराठी करून टाकला आहे आणि नेमका तोच फसवतो. गणपतीच्या दिवसांत खडेबाजारातून आलेला माणूस ‘काय रश होती!’ म्हणतो, तेव्हा त्याला गर्दी म्हणायची असते. तोच अर्थ मनात धरून मुले ‘बसमध्ये खूप रश होता’ असे इंग्रजीत लिहितात. तेथे ‘क्राउडेड’ हवे. इंग्रजीत ‘रश’चा गाभा घाई आणि झेप हा आहे, आणि ‘रश अवर’मधील गर्दी ही त्या घाईतून झालेली असते. या शब्दाचा आणखी एक उपयोग लक्षात ठेवावा: ‘ही वॉज रश्ड टू हॉस्पिटल’. येथे रुग्ण स्वतः धावलेला नसून त्याला तातडीने रुग्णालयात हलवण्यात आले आहे.

‘डॅश’ची कथा अधिक रंजक आहे. आपल्याकडे ‘रिक्षाने मागून डॅश दिली’ म्हणजे धडक दिली. ही आपली मोडतोड आहे असे पुष्कळांना वाटते, परंतु आदळणे हा त्या शब्दाचा जुनाच अर्थ आहे, आणि लाटा खडकावर आदळतात तेथे इंग्रजीत आजही ‘डॅश’ चालतो. धावण्याच्या अर्थाने वापरताना मात्र अंतर थोडे आणि झटका एकदाच, असे चित्र हवे. पाऊस सुरू झाला म्हणून वाळत घातलेले कपडे काढायला अंगणात पळणे हा डॅश झाला. बेळगावहून खानापूरपर्यंत कोणी डॅश करत नाही.

‘बोल्ट’साठी मराठीत नेमका शब्द आहे, तो म्हणजे उधळणे. घोडा बुजला आणि मालकाच्या हातातून सुटून पळाला, की तो बोल्ट झाला. आडव्या धनुष्यातून सोडायच्या आखूड, जाड बाणाला ‘बोल्ट’ म्हणत असत, त्यामुळे या शब्दात अचानक सुटण्याचा भाव मुरलेला आहे. भीतीने किंवा पकडले जाऊ नये म्हणून पळणाऱ्या माणसालाही तो शोभतो. (२००९ साली बर्लिनमध्ये १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावणाऱ्या उसेन बोल्टचे आडनाव हा निव्वळ योगायोग आहे, परंतु वर्गात हा शब्द ध्यानात राहतो तो त्याच्यामुळेच.)

स्करी, स्कटल आणि स्कॅम्पर हे तिघे लहान पावलांचे शब्द आहेत. मृगाच्या पहिल्या सरींनंतर भाताच्या बांधावर खेकडे बाहेर पडतात, आणि आपण जवळ गेलो की पाय आपटत, तिरके तिरके, तुरुतुरु बिळाकडे निघतात. तो चालण्याचा प्रकार म्हणजे स्कटल. उंदीर कोठीच्या कडेने सरसरत जातो, ते स्करी. ‘हरी-स्करी’ अशा जोडशब्दातून ‘स्करी’ सुटा झाला असे मानले जाते, आणि आपल्या ‘पळापळ’, ‘धावाधाव’ यांसारख्या शब्दांची सवय असलेल्या कानाला ते सहज पटते. स्कॅम्परमध्ये भीतीपेक्षा खेळकरपणा अधिक असतो. तो पिल्लांना, खारींना आणि शाळा सुटलेल्या मुलांना शोभतो. माझ्या एका विद्यार्थ्याने स्नेहसंमेलनाच्या वृत्तान्तात ‘प्रमुख पाहुणे व्यासपीठावर स्कॅम्पर झाले’ असे लिहिले होते. शब्दकोशाप्रमाणे त्याचे काही चुकले नव्हते, परंतु साठी उलटलेले ते गृहस्थ धोतर सावरत उड्या मारत चालले आहेत असे चित्र उभे राहिले. वृत्तपत्रांत वाटाघाटी ‘स्कटल’ झाल्याचे वाचाल, तो शब्द निराळा आहे. त्याचा अर्थ जहाजाला भोक पाडून ते बुडवणे, आणि त्यावरून बेत उधळून लावणे.

‘हर्टल’मध्ये ताबा सुटलेला असतो. चोर्ला घाटात ब्रेक निकामी झालेला ट्रक उताराने खाली येतो, तो हर्टल होत येतो. स्वतःच्या मर्जीने लगबग करणाऱ्या माणसासाठी हा शब्द सहसा वापरू नये.

‘हेसन’ (hasten, घाई करणे) या शब्दाबद्दल एवढेच सांगतो की त्यातील ‘ट’ लिहिला जातो, उच्चारला जात नाही, आणि रोजच्या बोलण्यात हा शब्द पुस्तकी वाटतो.

राहिला ‘हरी’. तो सर्वांत साधा आणि बिनधोक आहे, कारण त्यात शरीराचे कोणतेही चित्र नाही, केवळ वेळेची टंचाई आहे. मात्र ‘आय अॅम इन हरी’ लिहू नये. मध्ये ‘अ’ हवाच, आणि मराठीत त्याच्या जागी काहीच येत नसल्यामुळे आपल्याकडे तो हमखास गळतो. तसेच ‘हरी अप’ ही आज्ञा आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना आपण ‘जरा लवकर चला हं’ म्हणतो, त्या जागी नुसते ‘हरी अप’ म्हटले तर ते उद्धट वाटते.

आता आपली गाळलेली जागा. ‘हरीड’ आणि ‘रश्ड’ दोन्ही बरोबर आहेत, आणि वाक्यात ‘टू द बस स्टँड’ असल्यामुळे दिशेचीही सोय झालेली आहे. ‘डॅश्ड’ लिहायचे असेल तर आपण स्थानकाच्या अगदी जवळ असल्याचे वाक्यात कोठेतरी दिसायला हवे. ‘स्करीड’ लिहिलेत तर परीक्षक कदाचित गुण देईलही, परंतु सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्थानकावर, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपण, आपल्या बस पकडण्याला उंदराची चाल मला तरी मान्य नाही.