बर्फावरच्या मासेमारीसाठी तरंगणारा सूट खरंच लागतो का? कोकणातून जाणाऱ्याने काय घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही हर्णैचे, नोकरीसाठी कॅनडात ऑन्टारिओला चाललात, आणि तिथले सहकारी जानेवारीत गोठलेल्या लेक सिमकोवर मासेमारीला नेणार आहेत. त्यांनी ‘फ्लोट सूट घे’, म्हणजे पाण्यात तरंगवणारा उबदार पोशाख घे, म्हणून सांगितलंय. किंमत बघून तुम्हाला वाटतंय की आपल्याला पोहता उत्तम येतं, मग जाड जॅकेटवर भागणार नाही का? शिवाय तसाच एक सूट पहाटे होडीवर जाणाऱ्या बाबांसाठी आणावा का, असंही विचारलंय. मी रत्नागिरी जिल्ह्यातलाच. बरीच वर्षं बोटीवर काढली, त्यात उत्तर अटलांटिकमधले हिवाळेही आले. त्यामुळे थंड पाण्याबद्दल जे शिकलो ते सविस्तर सांगतो.

सूट घ्याच. कारण ‘मला पोहता येतं’ हा हिशेब त्या पाण्यात लागू पडत नाही.

आपण विहिरीत आणि खाडीत पोहायला शिकलेली माणसं. रत्नागिरीत जानेवारीच्या पहाटे पारा 18-19 वर आला की घराघरांतून कानटोप्या निघतात, पण समुद्राचं पाणी तेव्हाही 25 अंशांच्या वरच असतं. गोठलेल्या तलावात बर्फाला लागून असलेलं पाणी शून्याच्या आसपास असतं. अशा पाण्यात माणूस अचानक पडला की तोंड उघडून एक खोल श्वास आपोआप घेतला जातो. तो ठरवून रोखता येत नाही. त्या क्षणी डोकं पाण्याखाली असेल तर श्वासाबरोबर पाणीच आत जातं. पट्टीचा पोहणारा माणूस हात मारायच्या आधीच संपतो तो असा. पुष्कळांना वाटतं की गारठून मरण येतं; गारठायला बराच वेळ लागतो, तिथवर पोचायलाच पहिलं मिनिट निभावावं लागतं.

मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी स्वतः बर्फाळ पाण्यात उतरून यावर काम केलंय. त्यांचा 1-10-1 हा नियम पाठच करून ठेवा. पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात आणायला. पुढची साधारण 10 मिनिटं हातपाय कामाचे राहतात, बाहेर पडायची खटपट तेवढ्यातच करायची. आणि शरीराचं आतलं तापमान उतरून शुद्ध हरपायला सुमारे 1 तास. तरंगणाऱ्या सुटाचं खरं काम पहिल्या मिनिटाचं आहे: तुम्ही धापा टाकत असताना तोंड पाण्याच्या वर ठेवणं. पुढच्या 10 मिनिटांत तो अंगाला वर धरतो, म्हणून तुमची सगळी ताकद बर्फावर चढण्यासाठी उरते.

आता सूट कसा ओळखायचा. दुकानात एकसारखे दिसणारे दोन प्रकार टांगलेले असतात आणि इथेच लोक फसतात. एकावर ‘फ्लोट असिस्ट’ असं लिहिलेलं असतं. त्यात उबेसाठी घातलेलं अस्तर किंवा फोमचे तुकडे काही काळ तरंगायला मदत करतात, पण तो जीवरक्षक साधन म्हणून मान्यता मिळालेला असेलच असं नाही. दुसऱ्या प्रकारात आतल्या शिवणीवर मान्यतेचं लेबल असतं: ट्रान्सपोर्ट कॅनडाचं, अमेरिकन कोस्ट गार्डचं किंवा युरोपातल्या आयएसओ 12402 या मानकाचं. मस्टँग सर्व्हायव्हल या कॅनडातल्याच कंपनीचे असे मान्यताप्राप्त सूट मिळतात. विक्रेता काहीही म्हणो, तुम्ही आतलं लेबल उलटून वाचा. लेबलच नसेल तर ते फक्त उबदार जॅकेट समजा आणि तेवढीच किंमत द्या.

लेबलवर न्यूटन हा आकडा दिसेल. 10 न्यूटन म्हणजे ढोबळमानाने 1 किलो वजन पाण्यात उचलून धरण्याचा जोर. माणसाचं पाण्यातलं वजन 4-5 किलोच्या आसपासच भरतं, म्हणून 50 न्यूटनचा सूट शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला पुरतो. मात्र हा बेशुद्ध माणसाला उताणं वळवेल अशी खात्री नसते. ते काम पूर्ण लाइफजॅकेटचं, 100 किंवा 150 न्यूटनवालं.

आतला फोम बंद पेशींचा हवा. आपल्या जाळ्याच्या वरच्या दोरीला बोये असतात ना, त्यांच्यासारखंच हे: प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र बंद, त्यामुळे कापड फाटलं तरी आत पाणी शिरत नाही. आणि तोच फोम वारा अडवून ऊबही देतो. हवा भरून फुगणारं जॅकेट मात्र या कामाला घेऊ नका. कडाक्याच्या थंडीत त्यातल्या नळकांडीतल्या गॅसचा दाब कमी पडतो. आणि ते सुटाच्या आत घातलेलं असताना फुगलं तर छातीच आवळली जाते.

कुणी तुम्हाला बोटीवरचा लाल इमर्शन सूट सुचवला, तर तो तुमच्या कामाचा नाही. त्याची कसोटी फार कडक असते: 0 ते 2 अंशांच्या पाण्यात 6 तास राहूनही शरीराचं आतलं तापमान 2 अंशांपेक्षा जास्त उतरता कामा नये. पण तो जहाज सोडताना घालायचा असतो. जाड निओप्रीनच्या, म्हणजे फोमसारख्या रबराच्या, त्या पंजांनी गळाला आमिष लावता येत नाही, आणि तो घालून कुणी दिवसभर बसूही शकत नाही.

मापाकडे नीट बघा. आत दोन थर बसतील इतका मोकळा, पण ढगळ नको. ढगळ जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि माणूस खाली लोंबतो. दुकानात घालून हात वर करा आणि सोबत्याला खांद्याजवळ धरून वर ओढायला सांगा. कॉलर नाकापर्यंत आली तर लहान माप बघा. जॅकेट आणि खांद्याला पट्टे असलेली उंच पॅन्ट असा जोड मला एकसंध सुटापेक्षा सोयीचा वाटतो, कारण चालताना जॅकेट उघडता येतं. पॅन्टीच्या पायांना बाजूने लांब चेन असावी, बूट न काढता चढवता येते. गुडघ्यांना जाड पॅड हवेत, गळ सोडायला बर्फात पाडलेल्या भोकाशी सारखं गुडघ्यांवर बसावं लागतं. घोट्याशी आणि जॅकेटच्या खालच्या कडेला पाणी निथळायला जाळी असेल तर उत्तम, नाहीतर बाहेर येताना सुटात भरलेलं पाणीही तुमच्याबरोबर वर उचलावं लागतं. रंग भडक घ्या. पांढऱ्या बर्फावर काळा सूट दिसतो, पण संध्याकाळी काळ्या पाण्यात दिसत नाही.

उबेबद्दल थोडक्यात. उणे 20 तापमानात ताशी 30 किलोमीटरचा वारा असला की उघड्या कातडीला ते उणे 33 सारखं लागतं. म्हणून बाहेरचा थर वारा पूर्ण अडवणारा हवा. अंगाला लागून सुती बनियन अजिबात नको, घामाने भिजलं की ते दिवसभर गार राहतं. मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, त्यावर सूट. पिसांचं जॅकेट शहरात छान, पण भिजलं की त्याची ऊब जवळजवळ संपते. तळ्यावर सामानाची स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढत जाताना घाम येतो, तेव्हा चेन उघडी ठेवा, आणि बसल्यावर बंद करा. पायांचे हाल सगळ्यात जास्त होतात. आत फेल्टचं अस्तर निघणारे बूट एक माप मोठे घ्या. दोन मोजे कोंबून घट्ट बूट घातला तर रक्तच फिरत नाही. पायाखाली फोमची चटई टाका. हातमोजे चार बोटं एकत्र असलेले घ्या, ते बोटं वेगळी असलेल्यांपेक्षा उबदार असतात.

सुटाबरोबर एक स्वस्त वस्तू नक्की घ्या: आइस पिक, म्हणजे दोरीने गळ्यात अडकवायच्या टोकदार दांड्यांची जोडी. ओला बर्फ हाताने धरताच येत नाही. पडलात तर ज्या बाजूने चालत आलात तिकडेच तोंड करा, तिकडच्या बर्फाने मघाशी तुमचं वजन पेललेलं असतं. दांड्या बर्फात रोवा, पाय पाण्यात आडवे मारत पोटावर सरकत बाहेर या आणि उभं न राहता लोळत लांब जा. उभे राहिलात तर पुन्हा तुटतो.

सूट अंगात आहे म्हणून पातळ बर्फावर जायचं नाही, हे तुम्ही मनाशी पक्कं करा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या निसर्ग खात्याचा दंडक असा की चालत जायला नवा, स्वच्छ, काचेसारखा बर्फ निदान 4 इंच हवा. पांढरा, बर्फवृष्टीने बनलेला बर्फ निम्म्या ताकदीचा, त्याला दुप्पट जाडी लागते. सोबत्यांना भोक पाडून मोजायला सांगा, आणि ते टाळाटाळ करत असतील तर किनाऱ्यावरच थांबा. मासेमारीसाठी बर्फावर उभारलेल्या झोपडीत गॅसचा हीटर असेल तर झरोका उघडा ठेवायला लावा, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. आणि गरम व्हायला म्हणून दारू नको. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली ऊब बाहेर जाते.

इथून काय न्यायचं? थर्मल, फ्लीस आणि मोजे मुंबई-पुण्यात मिळतात, तेवढे न्या. सूट आणि बूट तिथेच घाला, बघा, मगच घ्या. पहिल्या वेळेला सहकाऱ्याकडून उसना मिळाला तरी चालेल, फक्त फोम चेपलेला किंवा चुरा होणारा नसावा, चेन गंजलेली नसावी. वापरून झाला की सावलीत टांगून वाळवा. बॅगेच्या तळाशी दाबून ठेवलेला फोम चपटा होतो आणि त्याची उचल कमी होते.

राहिले बाबा. त्यांच्यासाठी तो सूट आणू नका. आपल्या पाण्यात थंडीचा झटका बसत नाही, आणि सूर्य वर आल्यावर तो अंगावर ठेवणं अशक्य होईल. मग तो होडीच्या फळीखाली पडून राहणार, आणि अंगावर नसलेल्या साधनाचा काही उपयोग नाही. त्यांना पहाटेच्या गारव्याला एक पातळ विंडचीटर पुरे. त्यावर जाळं ओढताना काखेत न टोचणारं, बंद फोमचं, मान्यतेचं लेबल असलेलं लाइफजॅकेट घ्या. छातीचं माप आणि वजन दोन्ही घेऊन जा, कारण मापं त्यावरच ठरतात. हे इथेच मिळतं, त्यासाठी जानेवारीपर्यंत थांबू नका, निघायच्या आधीच घेऊन द्या.