डुंगरवाडीहून परतल्यावर

दादर, मुंबई

चि. …
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सहकाऱ्याच्या वडिलांच्या अंत्यविधीसाठी तू मलबार हिलवरच्या डुंगरवाडीला, म्हणजे पारशांच्या अंत्यविधीच्या जागी, गेलीस. विधी सुरू झाल्यावर परधर्मीयांना अंत्यदर्शन घेता येत नाही, हे तिथे पोहोचल्यावरच तुला कळले आणि त्याचे तुला फार वाईट वाटले. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा मलाही असेच वाटले होते. पण मान कसा राखला जातो, हे प्रत्येक घरी त्या घराच्या रीतीनेच ओळखायला हवे.

अग्नीचेच पाहा. आपण त्याला पवित्र मानतो म्हणून देह त्याच्या स्वाधीन करतो. पारशीही त्याला पवित्र मानतात आणि नेमके म्हणूनच प्रेताचा स्पर्श त्याला होऊ देत नाहीत. दख्म्यात, म्हणजे उघड्या गोल मनोऱ्यात, देह गिधाडांसाठी ठेवण्यामागे हाच विचार आहे. गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे, त्या गुरांची मढी खाऊन, गिधाडे दिसेनाशी झाली. त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ साली बंदी आली, तरी दख्म्यांवर ती परतली नाहीत, आणि अखेर तिथे सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. काही कुटुंबे आता वरळीच्या स्मशानभूमीत दहन करतात. तिथे २०१५ पासून प्रार्थनागृहही आहे. हा निर्णय त्या घरांना किती जड जात असेल, याचा विचार कर.

अंत्ययात्रेत माणसे दोघादोघांनी, मध्ये एक पांढरा रुमाल धरून चालत होती, असे तू लिहिले आहेस. त्याला पैवंद म्हणतात; मृत्यूच्या वाटेवर कोणी एकट्याने चालायचे नाही. याच समाजाच्या लग्नात वधूवरांचे उजवे हात एकत्र धरून त्यांवर सात वेळा सूत गुंडाळतात, आणि त्याआधी दोघांमध्ये आपल्यासारखाच पडदाही धरतात. मला ही दोन दृश्ये वेगळी काढता येत नाहीत.

पुढच्या महिन्यात तुला ठाण्याला बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू, मैत्रिणीच्या लग्नाचे आमंत्रण आहे. आपल्याकडे चितेभोवती फिरताना खांद्यावरच्या मडक्याला अश्म्याने, म्हणजे विधीतल्या दगडाने, भोके पाडतात आणि शेवटी मागे न पाहता ते सोडून देतात. त्यामुळे मंगलकार्यात काही फुटले की आपल्या मनात चटकन शंका येते. तिथे मात्र नवरदेव मुद्दाम काचेचा पेला फोडील. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केलेल्या जेरुसलेमच्या मंदिराची आठवण ऐन आनंदातही ठेवायची, असा त्याचा अर्थ सांगतात. ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, तेव्हा जे कळणार नाही ते मैत्रिणीच्या आजीला विचार. मात्र विधी चालू असताना नव्हे, जेवणानंतर शांतपणे. त्या सहकाऱ्याकडेही या आठवड्यात एकदा जाऊन ये. वडिलांविषयी त्याला बोलू दे आणि दर्शनाचा विषय तू काढू नकोस.

तुझा,
काका