‘ड्रोन ऑन’: कंटाळा कुणाचा?

प्रश्न: ‘द चेअरमन ड्रोन्ड ऑन’ असं वाक्य वाचनात आलं. याचा उडत्या ड्रोनशी संबंध आहे का? ‘मीटिंगमध्ये मी कंटाळलो’ यासाठी ‘आय ड्रोन्ड ऑन इन द मीटिंग’ चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: चालणार नाही, अर्थ नेमका उलटा होईल. ‘ड्रोन ऑन’ म्हणजे एकसुरात, थांबायचं नाव न घेता बोलत राहणं. आपल्याकडे ‘दळण दळणं’ म्हणतात तसं. कर्ता कंटाळलेला नसतो, कंटाळा आणणारा असतो. तुमच्या वाक्यातून मीटिंगभर तुम्हीच सगळ्यांना पिळलंत असं कळेल! ऐकणाऱ्याचं लक्ष उडालं तर ‘आय स्विच्ड ऑफ’ किंवा ‘आय झोन्ड आउट’ म्हणा.

ड्रोन म्हणजे मुळात नर मधमाशी. तिच्या गुणगुणण्यावरून क्रियापद आलं. उडत्या यंत्राचं नावही त्याच शब्दाचं.

विषय सांगायचा तर पुढे ‘अबाउट’ हवंच: ‘ही ड्रोन्ड ऑन अबाउट हिज प्रमोशन’. ‘अबाउट’ गाळून ‘ड्रोन्ड ऑन हिज प्रमोशन’ लिहिणं ही नेहमीची चूक. हे क्रियापद अकर्मक आहे, त्याला थेट कर्म जोडता येत नाही. वेळ सांगायला ‘फॉर अ‍ॅन अवर’. कर्ता माणूसच असावा असं नाही, ‘द स्पीच ड्रोन्ड ऑन’ अगदी सहज वापरतात. बोलताना जोर ‘ऑन’वर द्या. शब्दात टीका आहे, त्यामुळे साहेबांच्या भाषणाबद्दल ईमेलमध्ये तो नकोच. तिथे ‘द स्पीच वॉज रादर लाँग’ पुरे.