पैसे खात्यात आले असले तरी अजून हात लावू नका

तुम्ही लिहिलंय की सिंगापूरच्या फंडाचे पैसे शेअर ॲप्लिकेशनच्या (शेअर्स देण्याआधी ते पैसे वेगळे ठेवायच्या) खात्यात जमा झालेत, पगार तोंडावर आलेत आणि पार्टनर म्हणतोय, "आपलेच पैसे आहेत, वापरू या." वाचून पोटात गोळाच आला. मी नेमकं हेच केलं होतं.

टर्म शीट (गुंतवणुकीच्या मुख्य अटी), सीसीपीएस (पुढे इक्विटीत बदलणारे प्रेफरन्स शेअर्स), व्हॅल्युएशन रिपोर्ट हे सगळं तुमचं उरकलेलं दिसतंय, त्यात शिरत नाही. कंपनी कायद्याचं कलम 42 तेवढं नीट वाचा. पैसे आल्यापासून 60 दिवसांत शेअर्सचं वाटप, वाटपापासून 15 दिवसांत पीएएस-3, म्हणजे वाटप कळवणारा रजिस्ट्रारकडचा फॉर्म. आणि तो फॉर्म दाखल होईपर्यंत त्यातला एक रुपयाही वापरायचा नाही.

आम्ही भोसरीत अठरा जण होतो. वाटपाचा ठराव झाला, फॉर्म भरायला बसलो तर ज्याच्या सहीचा अधिकार ठरावात दिला होता त्याच संचालकाची डीएससी (डिजिटल सही) संपलेली. गणपती चार दिवसांवर. मशीनवरच्या एका पोराने जिन्यात गाठून विचारलं, "साहेब, चतुर्थीच्या आधी पगार होईल ना?" त्याच संध्याकाळी मी 22 लाख चालू खात्यात वळवले. पीएएस-3 गेला त्यानंतर नवव्या दिवशी. तेव्हा कोणी काही बोललं नाही.

तीन वर्षांनी एका पीई (प्रायव्हेट इक्विटी) फंडाशी बोलणी शेवटच्या टप्प्यात आली. त्यांच्या वकिलांनी जुनं बँक स्टेटमेंट आणि पीएएस-3 ची पावती शेजारी ठेवली आणि ती 22 लाखांची ओळ पिवळी करून मला पाठवली. कायद्यात दंड उभारलेल्या रकमेइतका किंवा 2 कोटी, यातलं जे कमी असेल तिथपर्यंत होऊ शकतो, शिवाय गुंतवणूकदारांना व्याजासकट परतफेड. दरवेळी एवढा होतोच असं नाही, पण फंड ती जोखीम स्वतःच्या अंगावर घेत नाही. त्यांची अट: रजिस्ट्रारकडे स्वतःहून चूक कळवून ॲडज्युडिकेशन (दंडाचा निवाडा) करून घ्या, मग क्लोजिंग, म्हणजे व्यवहार पूर्ण. वर माझ्याकडून वैयक्तिक इंडेम्निटी, म्हणजे नुकसान झालं तर मी भरून देण्याची हमी. पाच महिने गेले, आणि ज्या मशीनसाठी पैसे उभारत होतो तिची ऑर्डरही त्यात गेली. आमच्या तेव्हाच्या सल्लागार कार्यालयाने "खात्यातले पैसे हलवू नका" एवढी एक ओळ मेलवर टाकली असती तर हे टळलं असतं. याचा राग मला आजही येतो.

माझं स्पष्ट मत: पगारासाठी तुम्ही स्वतः कंपनीला कर्ज द्या. संचालकाला ते देता येतं, फक्त ते पैसे दुसऱ्याकडून उसने घेतलेले नाहीत असं लेखी द्यावं लागतं. मी सीए नाही, सीएसही (कंपनी सेक्रेटरी) नाही, तेव्हा तुमच्या सीएसला विचारूनच करा.

आणखी एक. एफसी-जीपीआरला (परदेशी गुंतवणूकदाराला शेअर्स दिल्याचं रिझर्व्ह बँकेला कळवायचा फॉर्म) वाटपापासून 30 दिवस मिळतात, पण त्याला लागणारे एफआयआरसी (परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला) आणि गुंतवणूकदाराचं केवायसी बँकेकडे आजच मेलवर मागा. आमच्या शाखेत तीन आठवडे "वरून आलं नाही" एवढंच ऐकलं. मेलची साखळी होती म्हणून पुढे तक्रार करता आली. एंजल टॅक्सची (शेअर्सच्या वाजवी किमतीपेक्षा जास्त घेतलेल्या रकमेवरच्या कराची) भीती कोणी घालत असेल तर सोडून द्या, तो 1 एप्रिल 2025 पासून गेला. शेअर्स डिमॅटमध्ये द्यायचे असतील तर आयएसआयएन (त्या शेअर्सचा ओळख क्रमांक) आधी काढून ठेवा.

आणि सगळ्या संचालकांच्या डीएससीची मुदत आज रात्रीच तपासा.